विद्यार्थ्याचा पाहुणचार : लंडनांतील दोन दिवस

पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित घरांतून आज दरसाल कित्येक मुलेंमुली उच्च शिक्षणासाठीं विलायतेस जातात. त्यांपैकीं पुष्कळांचा अभ्यासक्रम अवघ्या एका वर्षाचा असतो. एकाच महाविद्यालयांत शिकलेले चार स्नेही पाहतां पाहतां पांगतात : एक लंडनला, दुसरा लीड्सला, तिसरी ग्लासगोला. मग ऑक्टोबरच्या सुमारास लंडनच्या विद्यार्थ्याकडे निरोप येतो कीं, ‘पुढल्या शुक्रवारीं संध्याकाळीं आम्ही दोघे येत आहों, रविवारीं रात्रीं परतूं.’ या निरोपानें जितका आनंद होतो, तितकीच धांदलही उडते. खोली दहा-बारा फुटांची, सोमवारीं निबंध द्यावयाचा, बँकेंत महिनाअखेरपुरतेच पैसे, आणि मनावर घरचा संस्कार तर असा कीं, पाहुण्यास खिशांत हात घालूं देऊं नये!

या धांदलींत यजमान विद्यार्थी बहुधा एक यादी करतो. टॉवर, राजवाडा, पार्लमेंटचें घड्याळ, नदीकांठचें तें प्रचंड चक्र, ग्रिनिच, शिवाय दोन-तीन संग्रहालयें. शनिवारीं पहाटेपासून रविवारच्या संध्याकाळपर्यंत सर्वजण भुयारी गाडीच्या जिन्यांवरून धांवत असतात. आम्हांस ही रीत मुळींच पसंत नाहीं. लीड्सहून आलेला मुलगा गेले दोन महिने आपल्या भाषेंत मोकळेपणानें बोललेला नसतो. त्याला घड्याळापेक्षां मित्र हवा असतो. म्हणून दिवसास शहराचा एकच भाग पाहावा, तोही शक्य तों पायीं, म्हणजे पाहणें आणि बोलणें हीं दोन्ही एकाच वेळीं साधतात.

पैशाची गोष्ट मात्र पाहुणे तिकीट काढण्यापूर्वींच बोलून घ्यावी. यांत संकोच वाटतो हें आम्ही जाणतों; पण तिघेही सारखेच विद्यार्थी, तिघांच्याही घरीं कर्जाचा हप्ता. राहणें आणि सकाळचा चहा-नाश्ता यजमानाकडे, बाकीचा खर्च ज्याचा त्यानें करावा, असें आधींच ठरलें तर त्यांत कोणाचाच कमीपणा नाहीं. टॉवरच्या एका तिकिटास विद्यार्थ्याच्या जवळजवळ आठवड्याच्या किराण्याइतके पैसे पडतात. तिघांचीं तिकिटें एकट्यानें काढून पुढें पंधरा दिवस पावावर काढणारा यजमान आम्हांस उदार वाटत नाहीं, अविचारी वाटतो. तीच गोष्ट नोकरीची. पदवीच्या विद्यार्थ्यास सत्र चालू असतां आठवड्यास वीस तासांहून अधिक काम करण्याची परवानगी नसते. त्यांतली शनिवार सकाळची पाळी पाहुण्यांसाठीं सोडण्याचें कारण नाहीं. पाहुण्यांनीं खुशाल दहापर्यंत झोपावें!

कांहीं तयारी शुक्रवारच्या आधीं व्हावी. वसतिगृहांत पाहुण्यांस किती रात्री राहूं देतात आणि त्याची वर्दी कोणाकडे द्यावी लागते, हें विचारून ठेवावें. रेल्वेचें सवलतीचें कार्ड १६ ते २५ वर्षांच्या तरुणांस मिळतेंच, पण पूर्ण वेळ शिकणाऱ्या मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांसही मिळतें, आणि त्यावर भाड्याचा तिसरा हिस्सा वांचतो. शनिवार-रविवारीं रुळांच्या दुरुस्तीसाठीं गाड्यांचे मार्ग बंद ठेवण्याची तेथें चाल आहे. परतीची गाडी ठरवितांना तें पाहावें. शहरांतल्या प्रवासास प्रत्येकानें आपापलेंच बँकेचें कार्ड यंत्रास लावावें, तेंही दिवसभर एकच, म्हणजे दिवसाच्या भाड्यास जी मर्यादा आहे तिचा लाभ मिळतो.

आतां शनिवार. मराठी विद्यार्थ्यांसाठीं एक वाट आम्ही आवर्जून सुचवितों. वॉरिक ॲव्हेन्यू स्थानकापासून जवळच हाउली प्लेस नांवाचा शांत रस्ता आहे. १९१८-१९ मध्यें चिरोलवरील बदनामीच्या खटल्यासाठीं लोकमान्य टिळक विलायतेस गेले, तेव्हां ते येथील १० क्रमांकाच्या घरांत राहिले होते. खटला हरला, घराच्या भिंतीवर त्यांच्या नांवाची निळी पाटी मात्र आहे. तेथून दोन मिनिटांवर रीजंट्स कालवा लागतो. पॅडिंग्टनपासून कॅम्डेनपर्यंतचा त्याचा हा भाग १८१६ मध्यें खुला झाला. पूर्वीं घोडे कांठानें चालत नावा ओढीत, ती वाट आज पायीं फिरणारांची झाली आहे. मध्यें एका बोगद्यापाशीं ती तुटते आणि थोडें अंतर रस्त्यानें जावें लागतें. पुढें पुन्हां पाणी, रंगविलेल्या लांबोड्या नावा आणि प्राणिसंग्रहालयाच्या बाजूनें उंच जाळीचा पिंजरा. सगळी वाट जेमतेम चार किलोमीटरांची. पण बोलण्याच्या नादांत तिला दोन तास लागले तरी बिघडत नाहीं.

कालवा सोडून प्रिमरोझ हिलवर चढावें. टेकडी आमच्या पर्वतीपेक्षां लहानच, पण माथ्यावरून सारें लंडन एका दृष्टिक्षेपांत दिसतें, आणि त्याबद्दल कोणी पैसे मागत नाहीं. बरोबर आणलेले डबे येथेंच उघडावे. टेकडीच्या उत्तरेस किंग हेन्रीज रोडवर १० क्रमांकाचें घर आहे; त्यांत १९२१-२२ मध्यें बाबासाहेब आंबेडकर राहत असत. २०१५ मध्यें महाराष्ट्र सरकारनें तें विकत घेतलें व तेथें स्मारक केलें; उघडण्याच्या वेळा मात्र आधीं पाहून जावें. सिडनॅम कॉलेजांतली प्राध्यापकी सोडून, सांठविलेले पैसे, शाहू महाराजांचें साहाय्य आणि एका मित्राचें कर्ज, एवढ्या बळावर ते १९२० मध्यें पुन्हां लंडनला गेले, आणि पोटाला चिमटा घेऊन ब्रिटिश म्यूझियमच्या ग्रंथालयांत दिवसच्या दिवस वाचीत बसले. १९२३ मध्यें त्यांना डी. एस्सी. मिळाली. शिष्यवृत्ती अपुरी पडते म्हणून हिरमुसलेल्या विद्यार्थ्यानें त्या खोल्यांत घटकाभर उभें राहावें, असें आम्हांस मनापासून वाटतें.

पायांत बळ उरलें असेल तर कॅम्डेन टाउनला गाडी बदलून आर्चवेपर्यंत जावें आणि चढ चढून क्रॉम्वेल ॲव्हेन्यू गांठावा. तेथील ६५ क्रमांकाचें घर तेंच ‘इंडिया हाउस’. श्यामजी कृष्णवर्मा यांनीं १९०५ मध्यें हिंदी विद्यार्थ्यांसाठीं तें वसतिगृह काढलें, आणि १९०६ मध्यें बॅरिस्टरीच्या अभ्यासास आलेले सावरकर तेथेंच उतरले. आज तें खाजगी मालकीचें असल्यानें बाहेरूनच पाहावें, आणि दारापुढें मोठ्यानें बोलूं नये. डिसेंबरांत येणारांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, दुपारीं चारच्या सुमारास तेथें अंधार पडतो. मग हें घर दुसऱ्या खेपेसाठीं राखून ठेवलेलें बरें.

संध्याकाळीं बाहेर जेवण्यापेक्षां वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरांत पिठलें-भात करावा. एक सूचना स्वानुभवाची : खिडकी उघडून, पंखा लावून, मगच फोडणी द्यावी. एरवीं आगीची घंटा वाजते आणि साऱ्या इमारतीस थंडींत रस्त्यावर उभें राहावें लागतें. भांडीं पाहुण्यांनीं घांसावीं. रात्रीं उशिरापर्यंत गप्पा होतातच, आणि पुष्कळदां याच वेळीं कळतें कीं, दुसऱ्या गांवीं राहणारा आपला हंसतमुख मित्र गेले कित्येक दिवस दुपारचें जेवलाच नाहीं, किंवा एका विषयांत नापास झाल्याचें त्यानें घरीं कळविलेंच नाहीं. हें बोलण्यास त्याला जागा मिळावी म्हणूनच शनिवारची संध्याकाळ आम्ही मोकळी ठेवावयास सांगतों.

रविवारीं फार कांहीं योजूं नये. ब्रिटिश म्यूझियमला प्रवेशमूल्य नाहीं, म्हणून तें सबंध पाहण्याचा मोह टाळावा. एकच दालन निवडावें. आम्ही अमरावतीच्या स्तूपाचे शिल्पपट निवडूं (ही अमरावती वऱ्हाडांतली नव्हे, आंध्रांतली). तेथून पायीं युस्टन स्थानकामागें ड्रमंड स्ट्रीटला जावें. त्या रस्त्यावर भेळ आणि डोसा देणारीं शाकाहारी उपाहारगृहें आहेत, आणि शेजारीं हिंदी वाणसामानाचीं दुकानें. ग्लासगोच्या मैत्रिणीस तेथून गोडा मसाला नाहीं, तरी हिंग आणि तुरीची डाळ खचित नेतां येईल. मोठीं दुकानें रविवारीं सहाच तास उघडीं असतात, तेव्हां कपडेलत्ते घ्यावयाचे असल्यास तें काम दुपारींच उरकावें.

परतीची गाडी फार उशिराची घेऊं नये. यजमानाचा निबंध अजून व्हावयाचा असतो. पुण्यास तेव्हां रात्रीचे दहा-साडेदहा झालेले असतात आणि आईचा फोन ठरलेला असतो. ‘काय काय दाखविलेंस रे त्यांना?’ असें त्या माउलीनें न विचारतां, ‘तो लीड्सचा मुलगा कसा आहे?’ असें विचारावें, एवढी आमची तिला विनंती आहे.