हॅट, ओव्हरकोट आणि राहिलेला हिशेब

रेमंड चँडलरच्या 'द बिग स्लीप' या १९३९ च्या कादंबरीत हॉलिवूड बुलेव्हार्डवर गायगर नावाच्या माणसाचं एक दुकान आहे. पाटी दुर्मिळ पुस्तकांची. तिथे बसणाऱ्या बाईला मात्र दुर्मिळ पुस्तकांतलं ओ की ठो कळत नाही, कारण खरा धंदा मागच्या खोलीत चालतो: अश्लील पुस्तकं भाड्यानं देण्याचा. खासगी गुप्तहेर फिलिप मार्लो पुस्तकांच्या शौकिनाचं सोंग घेऊन तिथे शिरतो आणि तो धागा धरून ब्लॅकमेल, खून आणि एका श्रीमंत घराण्याच्या अब्रूपर्यंत पोहोचतो. सात वर्षांनी हॉवर्ड हॉक्सनं या कादंबरीवर चित्रपट केला. दुकान राहिलं, मागची खोलीही राहिली. तिथे नेमकं काय विकलं जातं, ते मात्र कोणी उच्चारत नाही. कादंबरीत जिची नग्न छायाचित्रं काढली जातात, ती धाकटी मुलगी पडद्यावर चिनी पोशाखात बसलेली दिसते.

फिल्म नॉयर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गुप्तहेरपटांचं 'फक्त प्रौढांसाठी'च्या चित्रपटांशी असलेलं नातं तपासायचं, तर सुरुवात या दुकानापासून करावी लागते. १९७० च्या दशकात अमेरिकेत पॉर्न चित्रपट उजळ माथ्यानं थिएटरांत लागू लागले, तेव्हा त्यांतल्या काहींनी थेट गुप्तहेराचीच गोष्ट उचलली. या उसनवारीकडे बहुतेकांनी थट्टा म्हणून पाहिलं. मला ती त्याहून महत्त्वाची वाटते. वासनेचा बाजार गुप्तहेराच्या गोष्टीच्या पोटात आधीपासून होता. या चित्रपटांनी तो बाहेर काढून दाखवला आणि दाखवता दाखवता त्या गोष्टीतलं एक मोलाचं तत्त्व गमावलं. त्याचाच हा मागोवा.

हॉलिवूडच्या निर्मात्यांनी १९३० मध्ये स्वतःवर एक आचारसंहिता लादून घेतली, पण तिचा बडगा खऱ्या अर्थानं उगारला गेला तो १९३४ पासून, जोसेफ ब्रीन यांच्या हाती अंमलबजावणी गेल्यावर. या चार वर्षांच्या फरकानं काय घडलं, हे डॅशिएल हॅमेटच्या 'द माल्टीज फाल्कन'वरून नीट दिसतं. पिंकर्टन या खासगी गुप्तहेर संस्थेत नोकरी केलेल्या हॅमेटनं कादंबरीत एक प्रसंग घातला आहे. हजार डॉलरची एक नोट गायब होते आणि गुप्तहेर सॅम स्पेड नायिकेला कपडे उतरवायला लावून झडती घेतो. १९३१ च्या रॉय डेल रूथ दिग्दर्शित चित्रपटात या प्रसंगाला जागा मिळाली. तोच चित्रपट १९३६ मध्ये पुन्हा थिएटरांत लावायचं ठरलं, तेव्हा ब्रीन यांच्या कार्यालयानं परवानगी नाकारली. मग १९४१ मध्ये जॉन ह्यूस्टननं हीच कादंबरी पुन्हा पडद्यावर आणली, तेव्हा झडती गेली आणि तिच्या जागी सूचकता आली. जोएल कैरो या पात्राविषयी जे बोलायला बंदी होती, ते त्याच्या सुगंधी व्हिजिटिंग कार्डानं सांगितलं: स्पेड ते नाकाशी नेतो, सेक्रेटरी एका फुलाचं नाव घेते आणि प्रेक्षकाला कळायचं ते कळतं.

बंदीमुळे दिग्दर्शकांना किती कल्पक व्हावं लागलं, याचा माझ्या मते सर्वांत सुंदर नमुना 'द बिग स्लीप'मध्येच आहे. गायगरच्या दुकानावर नजर ठेवायला मार्लो रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या पुस्तकांच्या दुकानात जातो. तिथली मुलगी, म्हणजे डोरोथी मलोन, खरोखर पुस्तकं जाणणारी आहे. मार्लोनं गायगरकडे मुद्दाम विचारलेली 'बेन हर'ची आवृत्ती अस्तित्वातच नाही, हे ती क्षणात सांगते. बाहेर गडगडतं, पाऊस सुरू होतो. मार्लोच्या खिशात व्हिस्कीची बाटली आहे. मुलगी दुकान बंद करते, दारावरचा पडदा खाली ओढते, चष्मा काढते, केस मोकळे सोडते. पुढचं दृश्य सुरू होतं तेव्हा संध्याकाळ झालेली असते. मधल्या वेळात काय झालं, ते प्रेक्षकानं आपल्या मनानं भरून घ्यायचं. या प्रसंगाचा कथानकाशी संबंध जेमतेम आहे, तरी पाहिलेला माणूस तो विसरत नाही.

नॉयरचे संकेत म्हटलं की हॅट, ओव्हरकोट, खिडकीच्या पट्ट्यांतून भिंतीवर पडणाऱ्या सावल्या, भरलेला ॲशट्रे, थकल्या आवाजातलं निवेदन आणि घात करणारी सुंदर बाई आठवते. मला यांपेक्षा महत्त्वाचा वाटतो तो शेवटचा हिशेब. 'द माल्टीज फाल्कन'च्या शेवटी स्पेड आपल्याला आवडलेल्या बाईला पोलिसांच्या हवाली करतो. लिफ्टचं जाळीचं दार सरकतं आणि मेरी ॲस्टरच्या चेहऱ्यावर गज उमटावेत तसे त्याचे पट्टे येतात. गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे असं आचारसंहिता सांगत होती हे खरं, पण हा शेवट हॅमेटच्या कादंबरीतच होता. नॉयरमध्ये वासना फुकट मिळत नाही. ती ज्याला होते त्याला, जिच्याविषयी होते तिला आणि मध्ये पडणाऱ्या गुप्तहेरालाही तिची किंमत मोजावी लागते.

१९५० च्या दशकात हा समतोल ढळू लागला. १९५२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं चित्रपटाला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण दिलं. १९५५ च्या रॉबर्ट ऑल्ड्रिचच्या 'किस मी डेडली'तला माइक हॅमर तर घटस्फोटाच्या प्रकरणांवर पोट भरतो आणि नवऱ्यांना जाळ्यात ओढायला स्वतःच्या सेक्रेटरीलाच वापरतो. गायगरचा धंदा आता गुप्तहेराच्या घरात आला होता. १९५९ मध्ये रस मेयरच्या 'द इम्मॉरल मिस्टर टीज'नं नग्नता दाखवून पैसा मिळतो हे सिद्ध केलं. १९६८ मध्ये जुनी आचारसंहिता जाऊन वयानुसार वर्गवारी आली. तिच्यातलं 'एक्स' हे अक्षर ट्रेडमार्क म्हणून नोंदवलेलं नव्हतं, त्यामुळे कोणीही ते आपल्या चित्रपटाला स्वतःहून लावू शकत होतं. पॉर्न चित्रपटवाल्यांनी त्याची जाहिरातच करून टाकली. १९७२ च्या 'डीप थ्रोट'नंतर असे चित्रपट पाहायला जाणं शहरी मध्यमवर्गातही काही काळ फॅशनचं झालं. १९७३ च्या मिलर खटल्याच्या निकालानं अश्लीलता ठरवताना स्थानिक समाजाची मोजपट्टी ग्राह्य धरली, आणि हा धंदा पुन्हा अधांतरी झाला.

तासाभराहून लांबीचा चित्रपट करायचा, तर निरनिराळ्या शय्यादृश्यांना एका सूत्रात ओवावं लागतं. चित्रपटाच्या अभ्यासक लिंडा विल्यम्स यांनी १९८९ मधल्या पुस्तकात या रचनेची तुलना संगीतपटाशी केली आहे: कथानक थोडं पुढे सरकतं, मग एक 'गाणं' येतं. या कामाला गुप्तहेराइतका सोयीचा नायक दुसरा नाही. दारोदार जाऊन अनोळखी माणसांना त्यांच्या खासगी आयुष्याविषयी विचारणं हा त्याचा पेशाच. खर्चही बेताचा, एक ऑफिस, एक गाडी, चार खोल्या की झालं.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत चित्रपटाचं शिक्षण घेतलेल्या बॉब चिन यांनी १९७१ मध्ये जॉन होम्सला घेऊन जॉनी वॉड हा खासगी गुप्तहेर उभा केला. अगदी तुटपुंज्या पैशांत झालेल्या त्या चित्रपटाची पुढे मालिका झाली. १९७७ च्या 'द जेड पुसीकॅट'मध्ये सगळे एका जेडच्या मांजरीमागे लागलेले असतात. हॅमेटचा काळा ससाणा इथे मांजर होऊन आला, हे सांगायला जाणकार लागत नाही. 'ब्लाँड फायर'मध्ये मांजरीच्या जागी हिरा आहे. न्यूयॉर्ककडे आर्मंड वेस्टनचा 'एक्स्पोज मी, लव्हली' १९७६ मध्ये आला. चँडलरच्या 'फेअरवेल, माय लव्हली'वरचा रॉबर्ट मिचमचा चित्रपट त्याच्या आदल्याच वर्षी लागून गेला होता. 'द लाँग गुडबाय' आणि 'चायनाटाउन'मुळे जुन्या गुप्तहेराची चलती होती. या मंडळींनी ते वारं बरोबर ओळखलं, आणि त्यांतल्या काहींना जुन्या चित्रपटांविषयी खरं प्रेमही होतं.

अडचण प्रकाशापासून सुरू होते. नॉयरची सारी कमाई अंधारातली. चेहऱ्याचा अर्धा भाग, खोलीचा एक कोपरा, काचेपलीकडची आकृती एवढंच दाखवायचं आणि बाकीचं झाकायचं. पॉर्न चित्रपटाला झाकून चालत नाही. गुप्तहेराच्या ऑफिसात सावल्या आणता येतात, पण गोष्ट बिछान्यापाशी पोहोचली की दिवे लावावेच लागतात. दर दहा मिनिटांनी चित्रपट एका शैलीतून दुसरीत उडी मारतो.

प्रकाशाहून मोठी गोष्ट हिशेबाची. या चित्रपटांतला गुप्तहेर दार ठोठावतो, आत जातो आणि काही न गमावता बाहेर येतो. घात करणारी बाई आहे, पण तिच्याकडे ओढलं जाण्यात धोका नाही. मांजर सापडते, हिरा सापडतो, कोणाच्या मनावर ओरखडा उठत नाही. प्रेक्षकाला सुख हवं होतं आणि ते द्यायचं तर किंमत मोजायचा प्रसंग आणून चालत नव्हतं.

पडद्यावर राहून गेलेला हिशेब पडद्याबाहेर मात्र वसूल झाला. 'डीप थ्रोट'ची नायिका लिंडा लव्हलेस हिनं १९८० मध्ये आत्मचरित्र लिहून आपल्यावर जबरदस्ती आणि मारहाण झाल्याचं सांगितलं. १ जुलै १९८१ रोजी लॉस एंजेलिसच्या वंडरलँड ॲव्हेन्यूवरच्या घरात चार जणांचे खून झाले. अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या जॉन होम्सवर त्या प्रकरणी खटला चालला आणि १९८२ मध्ये तो निर्दोष सुटला. १९८८ मध्ये एड्सनं त्याचा मृत्यू झाला, तेव्हा तो ४३ वर्षांचा होता. पडद्यावरच्या गुप्तहेराला प्रत्यक्ष खुनाच्या खटल्यात आरोपी म्हणून उभं राहावं लागलं. हे वाचताना मला थरार वाटत नाही, वाईट वाटतं.

हा हिशेब पडद्यावर मांडला तो मुख्य प्रवाहातल्या चित्रपटांनी. जॉनी वॉडच्याच वर्षी, १९७१ मध्ये, ॲलन पाकुलाचा 'क्लूट' आला. पेन्सिल्व्हेनियातला गुप्तहेर न्यूयॉर्कच्या एका कॉलगर्लपर्यंत पोहोचतो आणि चित्रपट हळूहळू तिचा होतो. तिचा आवाज एका टेपवर बंदिस्त आहे, आणि ती टेप वारंवार ऐकणारा माणूसच तिच्या जिवावर उठला आहे. पॉल श्रेडरनं तर १९७२ मध्ये नॉयरवर आजही वाचला जाणारा निबंध लिहिला आणि १९७९ मध्ये 'हार्डकोर' दिग्दर्शित केला. मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सच्या एका धर्मनिष्ठ बापाची मुलगी कॅलिफोर्नियात हरवते. तिच्या शोधासाठी नेमलेला गुप्तहेर एक दिवस बापाला थिएटरात बसवून एक छोटी फिल्म लावतो. तिच्यात मुलगी दिसते. बापाच्या भूमिकेतला जॉर्ज सी. स्कॉट तोंड झाकतो, कोसळतो, बंद करा म्हणून ओरडतो. पडद्यावर काय चाललं आहे यापेक्षा ते कोण पाहतंय, हे इथे जास्त महत्त्वाचं ठरतं. गुप्तहेराचं काम श्रेडरला नेमकं कळलं होतं: जे पाहणं असह्य आहे, ते समोर आणून ठेवणं.

१९८० च्या दशकात व्हिडिओ कॅसेट घराघरांत गेली. नको तो भाग पुढे ढकलण्याची सोय हातात आल्यावर पॉर्न चित्रपटातली कथा आटली आणि तिच्याबरोबर गुप्तहेरही गेला. पॉल टॉमस अँडरसनच्या 'बूगी नाइट्स'नं १९९७ मध्ये जॉनी वॉडची नक्कल करून त्या काळाची आठवण जागवली. २०१६ च्या 'द नाइस गाइज'मध्ये १९७७ च्या लॉस एंजेलिसमधली दोन माणसं ज्या पुराव्यामागे धावतात, तो एका पॉर्न चित्रपटात दडलेला आहे. दरम्यान व्हिनेगर सिंड्रोमसारख्या कंपनीनं त्या काळचे कितीतरी चित्रपट मूळ निगेटिव्हवरून नव्यानं तयार केले आहेत. ते जपले जावेत असं मलाही वाटतं, कारण त्या काळची शहरं, रस्ते, थिएटरं आणि कायद्याशी चाललेली झटापट त्यांत नोंदली गेली आहे.

मात्र निगेटिव्ह स्वच्छ करून काम संपत नाही. या चित्रपटांत दिसणाऱ्या माणसांना काय मिळालं, कोणाची संमती खरी होती, कोण नंतर कसं जगलं, याचीही तितकीच काटेकोर नोंद व्हायला हवी. त्यांतली जी माणसं हयात आहेत आणि बोलू इच्छितात, त्यांचं म्हणणं चित्रपटाइतकंच जपलं पाहिजे. हॅट आणि ओव्हरकोट कोणालाही चढवता येतात. गुप्तहेराच्या गोष्टीवर ज्यांचं खरं प्रेम आहे, त्यांनी ही किंमत कोणी मोजली ते शोधून काढावं.