चित्र जागेवर बसविताना

संगणकावर लेख लिहिणे आता पुष्कळ मुलांना येते. लेखात चित्र घालणेही कठीण नाही. ते नेमक्या जागी बसविणे मात्र वाटते तितके सोपे नसते. समजा, बी, अंकुर आणि रोप अशी सारख्या आकाराची तीन चित्रे आपणांस एका रेषेत मांडावयाची आहेत. माउसने धरून अंकुराचे चित्र उजवीकडे ओढले, तर ते उजवीकडे सरकते खरे; पण हात किंचित हलल्यामुळे थोडे खालीही उतरते. ते वर न्यावे, तर डावीकडे कलते.

असे का होते? माउसला एकाच वेळी सर्व दिशा मोकळ्या असतात. कळफलकावरील बाणांच्या चार कळांचे तसे नाही. उजवा बाण दाबला असता चित्र उजवीकडेच जाते. त्याची उंची केसभरही बदलत नाही. शिवाय ही पावले मोजता येतात.

२०११ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या ‘लिब्रेऑफिस’ या विनामूल्य संचातील ‘इम्प्रेस’ हा भाग उदाहरणादाखल घेऊ. टॅब ही कळ दाबीत गेले, की पानावरील चित्रे एकामागून एक निवडली जातात. निवडलेल्या चित्राभोवती लहान लहान खुणा दिसतात. मजकुरात लेखनखूण लुकलुकत असेल, तर बाण अक्षरांतूनच फिरत राहतो. अशा वेळी आधी एस्केप कळ दाबावी.

नुसता बाण दाबल्यास चित्र मोठे पाऊल टाकते. अल्ट कळ दाबून धरून बाण दाबल्यास ते पडद्यावरील केवळ एक ठिपका सरकते. हा ठिपका कागदावर किती भरेल, हे पान किती मोठे करून पाहिले आहे त्यावर ठरते. पान चौपट मोठे केले, तर तेच पाऊल कागदावर पूर्वीच्या चौथाईने पडते. यास्तव बारीक काम करण्यापूर्वी पान मोठे करून घ्यावे. सोनार डोळ्याला भिंग लावून खडा बसवितो, त्यातलाच हा प्रकार! चुकल्यास कंट्रोल आणि झेड या कळा आहेतच.

डोळ्यांच्या अंदाजावर भिस्त ठेवावयाची नसेल, तर एफ ४ ही कळ दाबावी. स्थान व आकार यांची चौकट उघडते. तिच्यात तिन्ही चित्रांना उभ्या अंतराचा एकच आकडा दिला, की त्यांच्या वरच्या कडा एका रेषेत येतात.

हा सारा खटाटोप केवळ नीटनेटकेपणासाठी आहे काय? तसे नाही. काही मुलांचा हात थरथरतो. काहींना माउस धरताच येत नाही. त्यांना चित्र ओढून नेमके थांबविणे फार अवघड जाते, पण कळ दाबणे पुष्कळदा जमते. दोन कळा एकदम दाबणे ज्यांना शक्य नाही, त्यांच्यासाठीही योजना केलेली आहे. विंडोज प्रणालीत शिफ्ट कळ लागोपाठ ५ वेळा दाबली, की ‘स्टिकी कीज’ ही सोय सुरू करावयाची काय, असे सामान्यतः विचारले जाते. ती सुरू केल्यावर अल्ट दाबून सोडून दिली, तरी पुढची कळ दाबेपर्यंत संगणक ती दाबलेलीच धरतो. मग एका बोटानेही चित्र ठिपक्याठिपक्याने जागेवर नेता येते.