मुस्तफाचा नाद का सुटत नाही?

'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स' हे नाव घेतलं तर कोल्हापुरात फारसं कुणी ओळख देणार नाही. 'मुस्तफा' म्हणा, आणि आज पस्तिशी-चाळिशी गाठलेल्या माणसाचे हात शिवशिवू लागतील. जपानच्या कॅपकॉम कंपनीचा हा १९९३ सालचा आर्केड गेम मार्क शुल्ट्झ या अमेरिकी चित्रकाराच्या 'झेनोझोइक टेल्स' या चित्रकथेवर बेतलेला आहे. जॅक, हॅना, मुस्तफा आणि मेस असे त्यात चार नायक. आपल्याकडच्या गेम पार्लरमधल्या पोरांनी मात्र अख्ख्या गेमचं बारसं टोपीवाल्या मुस्तफाच्या नावानं करून टाकलं. नाव ओळखीचं आणि गडी चौघांत सगळ्यात चपळ, एवढं त्यांना पुरेसं होतं.

त्याला तीस वर्षं उलटून गेली. आता मोबाइलवर खऱ्यासारखे दिसणारे गेम फुकट मिळतात. तरीही जुन्या यंत्राची नक्कल करणारी 'एम्युलेटर' सॉफ्टवेअर वापरून मुस्तफा, मारिओ आणि काँट्रा खेळणारे आहेतच. याला बालपणाची ओढ म्हणून सोडून देणं सोपं आहे, पण ते अर्धंच उत्तर झालं. ज्या मुलांनी कधी पार्लरची पायरी चढलेली नाही, तीसुद्धा 'सुपर मारिओ ब्रदर्स'समोर बसली की उठत नाहीत. म्हणजे कारण गेमच्या घडणीतच शोधायला हवं.

पार्लरमधल्या यंत्राचं गणित नाण्यावर चालायचं. गेम फार सोपा असेल तर एकच पोरगा एका नाण्यात तासभर यंत्र अडवून बसणार. अन्यायानं मारणारा असेल तर दुसरं नाणं कुणी टाकणारच नाही. त्यामुळे हरलेल्याला आपण कुठे चुकलो ते तिथल्या तिथे कळावं आणि पुढच्या खेपेला जमेल असं वाटावं, अशा बेतानं हे गेम रचावे लागत. तालमीत वस्ताद एकच डाव पुन्हापुन्हा करून घेतात, तशीच ही घोटणी. चूक लगेच कळते, दुसरा प्रयत्नही लगेच करता येतो, आणि हळूहळू डाव डोक्यातून हातात उतरतो.

हातात उतरणं हा नुसता वाक्प्रचार नाही. हार्वर्डचे रॉबर्ट स्टिकगोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली काही जणांना दिवसा टेट्रिस हा ठोकळे रचायचा गेम खेळायला दिला आणि झोप लागताना काय दिसतं ते विचारलं. अनेकांना वरून पडणारे ठोकळे दिसत होते. त्या गटात स्मृतिभ्रंशाचे पाच रुग्णही होते. आपण टेट्रिस खेळलो हेच त्यांना आठवत नव्हतं, तरी त्यांच्यापैकी काहींनाही तेच ठोकळे दिसले. खेळल्याची आठवण पुसली गेली, पण मेंदूत खेळाचा ठसा राहिला.

त्याआधी, १९९४ मध्ये, डेव्हिड कर्श आणि पॉल मॅगलिओ या संशोधकांनी टेट्रिस खेळणाऱ्यांचे हात बारकाईनं तपासले होते. सरावलेले खेळाडूही ठोकळा गरजेपेक्षा जास्त वेळा फिरवतात, असं त्यांना आढळलं. तो वेंधळेपणा नव्हता. ठोकळा मनातल्या मनात फिरवून बघण्यापेक्षा बटण दाबून पडद्यावर फिरवणं वेगानं होतं. म्हणजे खेळाडू बोटांनी विचार करत होता. अलेक्सेई पाजितनोव्ह यांनी १९८४ मध्ये मॉस्कोत ज्या संगणकावर टेट्रिस लिहिला, त्याला चित्रंसुद्धा काढता येत नव्हती. ठोकळे कंसांच्या चिन्हांनी बनवलेले होते. पुढे जत्रेत मिळणाऱ्या हातातल्या 'ब्रिक गेम'मधून तोच टेट्रिस आपल्या गावोगावी पोहोचला.

घरातल्या टीव्हीला जोडायच्या 'टीव्ही गेम'ची कथा वेगळी. निनटेंडोनं १९८३ मध्ये जपानात 'फॅमिकॉम' आणला. आपल्याकडे मुख्यतः त्याच्या नकला आल्या, लिटल मास्टर यांसारख्या नावांनी. कॅसेटवर '९९९९ इन १' छापलेलं असे, आणि यादीत खाली गेलं की तेच गेम पुन्हा सुरू होत. चालेना झाली की कॅसेट फुंकायची, हा सगळ्यांचा ठाम उपाय. खरं तर फुंकरीतल्या दमटपणानं धातूच्या पट्ट्या गंजण्याचीच भीती. कॅसेट काढून पुन्हा बसवताना पट्ट्या एकमेकींवर घासत, त्यामुळे गेम सुरू होई.

फॅमिकॉमची कामाची स्मृती अवघी २ किलोबाइट. १९८५ चा अख्खा 'सुपर मारिओ ब्रदर्स' ४० किलोबाइटमध्ये मावतो. व्हॉट्सअॅपवर सकाळी येणारा शुभेच्छांचा एखादा फोटोही त्याहून मोठा भरतो. जागा वाचवायची म्हणून आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप यांचं चित्र एकच ठेवलं आहे, फक्त रंग बदलला आहे. या टंचाईतच शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांची खरी हुशारी दिसते. पहिल्याच पडद्यावर समोरून एक शत्रू चालत येतो. उडी मारली नाही तर मरण. पुढच्याच डावात पोरगं उडी मारायला शिकतं. बटण थोडं दाबलं तर छोटी उडी, दाबून धरलं तर उंच, हेही हातालाच कळतं. सूचना वाचावी लागत नाही, म्हणून इंग्रजीचा गंध नसलेल्या मुलांनीही हा गेम कुणी न शिकवता शिकून घेतला.

मारिओला हवेत असतानाही दिशा बदलता येते. भौतिकशास्त्रात हे बसत नाही, पण खेळायला रास्त वाटतं. कॉम्प्युटर क्लासमध्ये चोरून खेळला जाणारा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' याच्या अगदी उलट. जॉर्डन मेकनर यांनी धाकट्या भावाच्या धावण्या-उडण्याचं चित्रीकरण केलं, त्यातल्या एकेका चौकटीवरून चित्रं काढली आणि १९८९ मध्ये तो राजपुत्र उभा केला. एकदा झेपावला की त्याला मागे फिरता येत नाही. दोन गेमचे नियम वेगळे, पण दोन्ही आपापल्या नियमाला शेवटपर्यंत जागतात. म्हणूनच खेळणारा त्यांच्यावर भरवसा ठेवू शकतो.

सगळ्यात देखणं विज्ञान मात्र टीव्ही गेमच्या, पडद्यावरची बदकं मारायच्या बंदुकीत आहे. त्या बंदुकीतून काहीच सुटत नाही. नळीत प्रकाश ओळखणारा संवेदक असतो. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो. बंदुकीला आधी अंधार आणि मग उजेड दिसला, तर नेम लागला. दोन बदकं असतील तर चौकोन एकापाठोपाठ एक उजळतात, म्हणजे कोणतं पडलं तेही कळतं. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत उरकतं. पिक्चर ट्यूबचा टीव्ही आलेलं चित्र त्याच क्षणी रंगवतो. आजचा सपाट टीव्ही ते आधी स्वतःजवळ घेतो, त्यावर प्रक्रिया करतो आणि मग दाखवतो. त्या उशिरानं बंदूक आंधळी होते. नव्या टीव्हीवर जुना मारिओ 'जड' वाटतो, त्यालाही असाच उशीर कारणीभूत असतो.

एवढे जिवंत गेम हातातून निसटत आहेत, ही वाईट गोष्ट आहे. अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आता विकत मिळत नाहीत, असं तिथल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ मध्ये दाखवून दिलं. आपला मुस्तफाही त्याच पंगतीतला. घरी खेळण्यासाठी तो कंपनीनं कधीच काढला नाही.

म्हणून एक विनंती. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर टीव्ही गेम, पिवळी पडलेली कॅसेट किंवा बंदूक सापडली तर ती भंगारात घालू नका. पिक्चर ट्यूबचा चालू टीव्ही असेल तर तोही ठेवा. बदकाची शिकार फक्त त्याच्यावरच होते.