विद्यापीठाच्या भिंती : लेखांक ६
नीसची परिषद

विषयवार विभागांच्या भिंती विद्यापीठात कशा उभ्या राहिल्या, हे आपण मागील लेखांकात पाहिले. त्या ओलांडायच्या कशा, याची चर्चा करण्यासाठी सप्टेंबर १९७० मध्ये फ्रान्समधील नीस येथे एक परिषद भरली. 'आर्थिक सहकार्य आणि विकास संघटने'चे शैक्षणिक संशोधन केंद्र आणि फ्रेंच शिक्षण मंत्रालय यांनी ती घडवून आणली. विषय होता विद्यापीठांतील आंतरविद्याशाखीय अध्यापन आणि संशोधन.

या चर्चेला निकड होती. मे १९६८ मध्ये पॅरिसचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात शिक्षणमंत्री एडगर फोर यांच्या कायद्याने जुन्या विद्याशाखा मोडीत निघाल्या आणि विद्यापीठे बहुविषयक असावीत असे ठरले. कायदा झाला, वर्गात नेमके काय बदलायचे, हे मात्र ठरायचे होते.

परिषदेने विषय एकत्र आणण्याच्या पायऱ्या स्पष्ट केल्या. विषय नुसते शेजारी बसवले की ते शिक्षण बहुविद्याशाखीय. एका विषयाच्या पद्धतीमुळे दुसऱ्याचे प्रश्नच बदलू लागले की ते आंतरविद्याशाखीय. मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी त्यापुढची अवस्था मांडली. तिथे विषयांमधल्या पक्क्या सीमाच उरत नाहीत. प्रणाली-अभ्यासक एरिक यांच (Jantsch) यांचा रोख हेतूवर होता : समाजाला काय साधायचे आहे ते आधी पाहा, मग ज्ञानशाखांची जुळणी करा.

मराठवाड्यातला ऊस घ्या. बेसॉल्ट खडकात पाणी किती साठते, हे भूजलतज्ज्ञ सांगेल. उसाला हमीचा दर असल्याने शेतकरी त्याकडे का वळतो, हे अर्थतज्ज्ञ सांगेल. दोघांची व्याख्याने एकापाठोपाठ ठेवली, तर विद्यार्थ्याच्या वहीत दोन वेगळी टिपणे जमतील. विहिरीची पातळी आणि उसाचा दर एकाच गणितात मांडायला लावले, तर दोन्ही विषयांना आपली गृहीतके तपासावी लागतील.

आपल्याकडे २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने चार विद्याशाखा ठरवल्या. त्यांतली एक आंतरविद्याशाखीय अभ्यासाची आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०४० पर्यंत सर्व उच्चशिक्षण संस्था बहुविद्याशाखीय करण्याचे उद्दिष्ट ठेवले. दोन्हींतून विषय एका छपराखाली येतील. पण प्रश्नपत्रिका, मार्गदर्शक आणि पदोन्नतीचे निकष जोवर एकेका विषयाचेच आहेत, तोवर नीसच्या मोजपट्टीवर आपण पहिल्याच पायरीवर राहू.

म्हणून आपल्या मुलांसाठी महाविद्यालय निवडताना श्रेयांकांच्या तक्त्यावर थांबू नका. दोन विषयांचे शिक्षक एकाच प्रश्नावर एकत्र वर्ग घेतात का, हे जरूर विचारा.

(पुढील लेखांकात : संयुक्त वर्गाचे मूल्यमापन)