इंग्रजी लेखनातला काळ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अहवाल, शोधनिबंध किंवा नोकरीचा अर्ज इंग्रजीत लिहिताना स्पेलिंग आपण दोनदा तपासतो, पण क्रियापदाचा काळ मध्येच घसरलेला लक्षात येत नाही. मग काय आधी घडलं आणि काय अजून चालू आहे, हेच वाचणाऱ्याला कळेनासं होतं.

गैरसमज : सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच काळ हवा.

वस्तुस्थिती : एकाच वेळच्या घटनांना एकच काळ हवा. 'वी हीटेड द सॅम्पल अँड रेकॉर्ड द टेम्परेचर' हे चूक. तापवणं आणि नोंदवणं, दोन्ही झालेल्या प्रयोगातलं. म्हणून 'रेकॉर्डेड'च हवं. त्याच निबंधात 'टेबल 2 शोज द रीडिंग्ज' मात्र बरोबर, कारण तक्ता वाचकासमोर आहे. एपीए ही शोधनिबंधांसाठीची प्रचलित लेखनशैलीही पद्धत आणि निरीक्षणं भूतकाळात, तर निष्कर्ष वर्तमानकाळात मांडायला सांगते.

गैरसमज : मुख्य क्रियापद भूतकाळी असलं की पुढची सगळी भूतकाळीच हवीत.

वस्तुस्थिती : 'ती म्हणाली की मी दमले आहे' यात मराठी मूळ काळ तसाच ठेवते, इंग्रजीत 'शी सेड दॅट शी वॉज टायर्ड' होतं. हा नियम आपण शाळेत घोकतो आणि मग सरसकट लावतो. पण आजही खरं असलेलं विधान वर्तमानकाळात ठेवता येतं : 'गॅलिलिओ आर्ग्यूड दॅट द अर्थ मूव्ह्ज अराउंड द सन'.

गैरसमज : जुन्या साहित्यकृतीबद्दल भूतकाळातच लिहावं.

वस्तुस्थिती : शेक्सपिअर 1616 मध्ये वारला, म्हणून 'शेक्सपिअर रोट हॅम्लेट'. नाटकातली घटना मात्र प्रत्येक वाचनात नव्याने घडते, म्हणून समीक्षेत 'हॅम्लेट किल्स पोलोनियस'. इतिहासाचं तसं नाही. 'शिवाजी महाराज आग्र्याहून निसटतात' असं मराठीत रंगवून सांगता येतं. औपचारिक इंग्रजीत 1666 ची ती घटना सहसा भूतकाळातच येते.

गैरसमज : मराठी वाक्याचा काळ तसाच इंग्रजीत उतरवला की झालं.

वस्तुस्थिती : 'मी 2019 पासून इथे काम करतो' याचं 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स 2019' होत नाही. तेव्हा सुरू झालेलं काम आजही चालू आहे, म्हणून 'आय हॅव वर्क्ड हिअर सिन्स 2019'.

लेखन संपलं की फक्त क्रियापदं अधोरेखित करा आणि तेवढीच ओळीने वाचा. काळ बदललेला दिसला की विचारा, घटनेची वेळही बदलली आहे का? बदलली असेल तर तो बदल हवाच. नसेल तर तिथेच दुरुस्ती करा.