आरोप करताना पुरावा हवा

वैद्यकीय शोधनिबंधातील मजकूर चोरलेला आहे, असा आरोप झाला की प्रकरण कोर्टात जाऊ शकते. ओहायो स्टेट विद्यापीठातील कर्करोग-संशोधक कार्लो क्रोचे यांच्यावरील अशा आरोपांची बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने मार्च २०१७ मध्ये छापली. क्रोचे यांनी आरोप फेटाळले आणि वृत्तपत्रावर, तसेच आरोप करणारे प्राध्यापक डेव्हिड सँडर्स यांच्यावर अब्रुनुकसानीचे दावे लावले. दोन्ही फेटाळले गेले. बातमीत आरोपांबरोबर क्रोचे यांची बाजूही होती, हे अपील न्यायालयाने २०१९ मध्ये महत्त्वाचे मानले.

भारतात बदनामी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली गुन्हा आहे. नुकसानभरपाईचा दिवाणी दावाही लावता येतो. लोकहितासाठी केलेले खरे विधान मात्र या गुन्ह्यात मोडत नाही.

म्हणून शंका आली की मूळ परिच्छेद आणि संशयित परिच्छेद शेजारी-शेजारी ठेवावेत, जुळणारी वाक्ये अधोरेखित करावीत आणि संपादकाकडे किंवा संस्थेकडे लेखी तक्रार करावी. ‘अमुक ओळी जुळतात’ हे दाखवता येते. ‘अमुक माणूस चोर आहे’ हे सिद्ध करावे लागते. दावा लागेल या धास्तीने खऱ्या तक्रारी दडपल्या गेल्या, तर त्याची किंमत अखेर रुग्णांना मोजावी लागते.