कलाकृती जुनी होते म्हणजे नेमके काय होते?

कलाकृतीचे वय वाढते तसे तीन बदल घडत जातात. तिचे तंत्र मागे पडते, ती ज्या वस्तूत घडली आहे ती वस्तू झिजते आणि तिचा मूळ अर्थ जाणणारी माणसे उरत नाहीत. हे तिन्ही बदल वेगळे असले, तरी बोलताना सरसकट ‘आता तिचे मोल राहिले नाही’ असे म्हटले जाते. व्हिडिओ गेमबद्दल तर हे फार लवकर बोलले जाते. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा गेम अनेकांना टाकाऊ वाटतो. हे तिन्ही बदल एकत्र पाहण्यासाठी मावळातील भाजे लेण्यांसारखी दुसरी जागा क्वचितच सापडेल.

मळवली रेल्वे स्थानकापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर, विसापूर किल्ल्याच्या उतारावर, भाजे गावाच्या वर २२ लेणी आहेत. त्यांची सुरुवात इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. बाराव्या क्रमांकाच्या चैत्यगृहातील २७ अष्टकोनी खांब सरळ उभे नसून आतल्या बाजूला कललेले आहेत. लाकडी इमारतीत छताचा रेटा खांबांना बाहेर ढकलतो, म्हणून ते आत झुकवून रोवत. अखंड कातळात त्याची काहीच गरज नव्हती, पण कारागिरांचा हात लाकडी बांधकामाला सरावलेला होता. पुढे समोरच्याच डोंगरात कार्ल्याचे चैत्यगृह कोरले गेले, तेव्हा खांब सरळ उभे राहिले, त्यांच्या माथ्यावर हत्ती आणि स्वार आले, सभागृह कितीतरी मोठे झाले. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने तर ते जंबुद्वीपातील सर्वोत्तम असल्याचे तिथल्या लेखातच नोंदवले आहे. तंत्राच्या मापाने भाजे मागे पडले, हे खरे. तरीही लाकडाची कला दगडात कशी उतरली, हे त्या कललेल्या खांबांइतके स्पष्ट कार्ले सांगू शकत नाही. नव्या कामाने जुन्याला मागे टाकले, पण त्याची जागा घेतली नाही.

गेमलाही हाच न्याय लागू पडतो. अलेक्सी पाजित्नोव यांनी १९८४ मध्ये मॉस्कोत ‘टेट्रिस’ तयार केला. त्यात ना कथा, ना देखणी दृश्ये. वरून पडणारे ठोकळे फिरवून ओळ पूर्ण करायची, एवढाच नियम. तो नियम आजही तितकाच खिळवून ठेवतो, कारण त्याची ताकद यंत्राच्या वेगात नव्हती. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१२ मध्ये आपल्या संग्रहासाठी निवडलेल्या पहिल्या गेममध्ये ‘टेट्रिस’ आणि ‘पॅक-मॅन’ होते. याउलट, केवळ त्या वर्षीच्या चकचकीत दृश्यांवर विकला गेलेला गेम पुढच्या वर्षी फिका पडतो. त्याचा दोष वयाचा नाही. त्यात नवेपणाखेरीज फारसे काही नव्हते.

दुसरा बदल वस्तूचा. भाजे चैत्यगृहाचा दर्शनी भाग लाकडी होता. तो नष्ट झाला आणि तुळया अडकवण्याची भोके तेवढी कातळात राहिली. आतल्या कमानदार छताच्या काही लाकडी फासळ्या मात्र आजही जागेवर आहेत आणि त्यांवर ब्राह्मी अक्षरेही आढळली आहेत. एकाच वास्तूतले लाकूड उघड्यावर गेले आणि आडोशाला टिकले.

चित्रपटाची वस्तू त्याहून नाजूक. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी प्रदर्शित झाला. त्याच्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचेच आज उपलब्ध आहे, आणि तेही १९१७ च्या नव्या आवृत्तीतले असावे, असे काही अभ्यासक मानतात. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन होईपर्यंत अनेक मूकपट नाहीसे झाले होते. पुढे जानेवारी २००३ मधील आगीत संग्रहालयाची नायट्रेट फिल्मची मौल्यवान रिळेही जळाली.

गेमची अवस्था सर्वांत बिकट आहे. दगड नुसता पाहता येतो. गेमला मात्र त्याचे यंत्र, त्या यंत्राची प्रणाली आणि खेळणाऱ्याचा हात हे सगळे लागते. फ्लॉपीवरचे चुंबकीय ठसे विरतात, यंत्रांचे उत्पादन थांबते. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, त्या देशात २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम तेव्हा बाजारात मिळत नव्हते. सर्व्हरवर चालणारे गेम तर एका निर्णयाने संपतात. २०१४ चा ‘द क्रू’ मार्च २०२४ अखेर सर्व्हर बंद होताच विकत घेणाऱ्यांनाही खेळता येईना. जुन्या यंत्राची नक्कल नव्या संगणकावर करणारे एम्युलेटर हा एक मार्ग आहे, पण मुळातला कोड हाती असणे अधिक मोलाचे. १९८९ च्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चा मूळ कोड २०१२ मध्ये निर्मात्याच्या वडिलांना घरातल्या जुन्या फ्लॉप्यांवर सापडला, म्हणून वाचला.

तिसरा बदल अर्थाचा. भाजे येथील एका विहारात रथारूढ पुरुष आणि हत्तीवर बसलेला पुरुष अशी दोन प्रसिद्ध शिल्पे आहेत. त्यांना सूर्य आणि इंद्र म्हटले जाते. काही अभ्यासक मात्र त्यांत मांधाता राजाची कथा पाहतात. मूळ प्रेक्षकांना हा प्रश्नच पडला नसेल. अर्थ असा निसटतो, तसा नवा जोडलाही जातो. तिथल्याच शिल्पांत वाद्यजोडी वाजवणारी स्त्री आहे. आज तबल्याच्या इतिहासाची चर्चा तिच्यापर्यंत नेली जाते. शिल्पकाराला तबला माहीत असण्याचे कारण नव्हते. जुनी कला नव्या माध्यमालाही पुरून उरते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेल्या ‘राजी’ या गेमची दृश्ये पहाडी चित्रशैलीवर बेतलेली आहेत.

किंमत ही मात्र वेगळी बाब. ‘सुपर मारिओ ६४’ची एक न उघडलेली प्रत २०२१ मध्ये लिलावात १५ लाख डॉलरहून अधिक रकमेला विकली गेली. ती किंमत दुर्मीळ डब्याची आहे. गेमचे मोल तो खेळला जाण्यात आहे, आणि ती प्रत खेळायला उघडली तर किंमतच उतरेल.

तेव्हा श्रेष्ठ कलाकृतीचे मोल केवळ वयाने घटत नाही. तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट बुजते. ती वाट मोकळी ठेवणे माणसांच्या हाती आहे. भाजे लेण्यांची देखभाल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण करते, चित्रपटांसाठी संग्रहालय आहे. गेमसाठी मूळ कोड जपणे, जतनापुरती प्रत काढण्याची कायदेशीर मुभा देणे, खेळताना केलेली चित्रणे आणि माहितीपुस्तिका सांभाळणे ही कामे त्याच तोडीची आहेत. मूकपटांच्या बाबतीत जाग उशिरा आली. पुण्या-मुंबईत आज घडणाऱ्या गेमच्या बाबतीत ती वेळेत येऊ शकते, कारण त्यांचे निर्माते आणि त्यांचा कोड दोन्ही अजून हाताशी आहेत.